कुर्सी रोडचे दोन हात

अमेरिकेतला पिट्सबर्ग पायरेट्स हा बेसबॉल संघ 1993 ते 2008 अशी सलग 16 वर्षे जिंकला कमी आणि हरला जास्त. घरात दुखणे हटेनासे झाले की डॉक्टरबरोबर देवऋषीचाही पत्ता विचारला जातो. 24 नोव्हेंबर 2008 रोजी पायरेट्सने दोन तरुण पिचरांशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांशी, करार केला, तेव्हा बऱ्याच जणांना हा त्यातलाच प्रकार वाटला. कारण दीड वर्षापूर्वी या दोघांना बेसबॉल म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. एक होता भदोही जिल्ह्यातल्या गोपीगंजचा रिंकू सिंह, दुसरा वाराणसीजवळच्या खेड्यातला दिनेश पटेल. रिंकू डावखुरा, दिनेश उजव्या हाताचा. दोघेही लखनौच्या कुर्सी रोडवरच्या गुरु गोविंदसिंग स्पोर्ट्स कॉलेजचे विद्यार्थी, आणि दोघांचाही खेळ भालाफेक.

लखनौ म्हटले की मराठी माणसाला आधी भातखंडे आठवतात. 1926 साली त्यांनी तिथे संगीत महाविद्यालय उभे केले, पुढे रातंजनकरांनी ते वाढवले. म्हणजे शिष्याला घरातून उचलून आणायचे, ठेवून घ्यायचे आणि रोज त्याच त्या पलट्यांवर घासायचे ही रीत त्या शहराला नवी नाही. सत्तरच्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने काढलेल्या या निवासी क्रीडा महाविद्यालयाची रीतही तीच: गावोगावच्या पोरांची निवड चाचणी घ्यायची, वसतिगृहात ठेवायचे, शाळा आणि मैदान दोन्ही एकाच आवारात. सुरेश रैना आणि आर. पी. सिंग हे क्रिकेटपटू इथलेच. त्यांच्यामुळे कॉलेजचे नाव झाले. भालाफेकीला मात्र त्या काळी कोणी विचारत नव्हते. नीरज चोप्राचे टोकियोतले सुवर्ण 2021 मधले. 2007 साली भाला फेकणाऱ्या मुलासमोरचे स्वप्न फार तर राष्ट्रीय पदक, त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून लष्करात किंवा रेल्वेत नोकरी, आणि मग घरी दरमहा मनीऑर्डर. रिंकूचे वडील ट्रक चालवत. नऊ भावंडे आणि एका खोलीचे घर. कनिष्ठ गटातले राष्ट्रीय पदक त्याच्याकडे होते. बस, इतकेच.

आता या गोष्टीतला अमेरिकन. जे. बी. बर्नस्टाईन हा खेळाडूंचा एजंट. बॅरी बॉन्ड्ससारख्या बेसबॉलपटूच्या जाहिराती आणि करार सांभाळणारा. याओ मिंग नावाचा चिनी खेळाडू अमेरिकेत बास्केटबॉल खेळू लागल्यावर अख्खा चीन त्या खेळाचे सामने पाहू लागला, हे त्याच्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. मग भारताचा याओ मिंग कोण? शंभर कोटींच्या देशात चेंडू जोरात फेकणारा एखादा तरी हात सापडेलच, असा त्याचा हिशेब. हिशेब व्यापाऱ्याचा होता, आणि त्याने तो कधी लपवला नाही. भागीदारांना घेऊन त्याने ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाची स्पर्धा दूरचित्रवाणीसाठी काढली. ताशी 90 मैल, म्हणजे सुमारे 145 किलोमीटर वेगाने लागोपाठ तीन चेंडू नेमक्या चौकटीतून टाका आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. 37,000 हून जास्त मुलांनी हात आजमावला. दहा लाख डॉलर कोणालाच मिळाले नाहीत. रिंकूने ताशी 87 मैलांचा चेंडू टाकून स्पर्धा जिंकली आणि त्याला एक लाख डॉलर मिळाले. त्या वेळच्या भावाने सुमारे 40 लाख रुपये. दिनेश दुसरा आला. चेंडू टाकण्याआधी रिंकू एका पायावर बगळ्यासारखा काही क्षण उभा राहायचा, ते पाहून परीक्षक हसत. हसून झाल्यावर वेगमापकाकडे बघत.

क्रिकेटच्या या देशात जिंकणारे दोघेही क्रिकेटमधून आले नव्हते, हे वाचून अनेकांना नवल वाटते. खरे तर यात नवल काही नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग इथेच आहे. त्यासाठी जरा फेकीकडे पाहू.

आपण लहानपणी कैऱ्या पाडायला दगड मारले, लगोरी फोडली, आबाधुबीत पाठी शेकून घेतल्या. तेव्हा कोणी शिकवले नव्हते, पण जोर हवा असेल तर पुढे एक पाय टाकून मारायचा हे प्रत्येकाला आपोआप कळले होते. पाय न हलवता दगड मारून पाहा, निम्म्याच अंतरावर पडेल. फेकीचा जोर हातात नसतो. तो जमिनीतून येतो. पुढचा पाय रोवला की धावते शरीर तिथे अडते, तो झटका कमरेत जातो, कंबर वळते, तिच्यामागून छाती, तिच्यामागून खांदा, मग कोपर, मनगट आणि शेवटी बोटांची टोके. आसुडाची मूठ जाड आणि शेंडा बारीक. मुठीशी दिलेला हेलकावा शेंड्यापर्यंत जाता जाता इतका वाढतो की शेंडा कडाडतो. माणसाचा फेकणारा हात हा त्या आसुडाचा शेंडा. शेतातली पाखरे उडवणाऱ्या गोफणवाल्यालाही हेच ठाऊक असते: वेग दोरीत साठतो, त्याचे कसब फक्त ती नेमकी केव्हा सोडायची यात.

बेसबॉलचा पिचर चेंडू सोडण्याआधी हात इतका मागे कलंडवतो की कोपरापुढचा भाग जवळजवळ जमिनीला समांतर होतो. तिथून खांदा आतल्या बाजूला फिरतो तो सेकंदाला सुमारे 7000 अंशांच्या वेगाने. हाच वेग टिकला असता तर हाताने एका सेकंदात 19 फेऱ्या पुऱ्या केल्या असत्या. माणसाच्या शरीराला जमणाऱ्या अतिवेगवान हालचालींपैकी ही एक मानली जाते.

आता क्रिकेटच्या गोलंदाजाला हेच नेमके करू दिले जात नाही. चेंडू सोडताना त्याचे कोपर 15 अंशांहून जास्त सरळ झाले की तो ‘फेकी’ ठरतो आणि पंचांच्या तक्रारीत सापडतो. म्हणून त्याची सारी कमाई लांब धावेत आणि सरळ हाताच्या चाकात असते. दहा वर्षे घोटून बसवलेली ही सवय बेसबॉलच्या उंचवट्यावर आली की आडवी येते. तिथे धावायला जागा नाही. 10 इंच उंचीच्या मातीच्या ढिगावर उभे राहायचे, एक पाऊल टाकायचे आणि 60 फूट 6 इंचांवरच्या पट्टीवरून चेंडू न्यायचा. बॅटरला विचार करायला सेकंदाचा चार दशांश भाग मिळतो. क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची. म्हणजे अंतरातही फारसा फरक नाही, फक्त मधला टप्पा नाही आणि पळणे नाही.

भालाफेकीला मात्र कोपर वाकवायला कोणाची मनाई नाही. उलट, कोपर उंच धरून, कंबर आधी आणि हात सर्वांत शेवटी, हाच तिथला पहिला धडा. पुढचा पाय खुंटीसारखा रोवणे हा दुसरा. 800 ग्रॅमचा भाला वर्षानुवर्षे फेकलेल्या हातात 145 ग्रॅमचा चेंडू दिला तर तो नक्कीच पळेल. बर्नस्टाईनने भारतात येऊन जो हात शोधला, तो तयार आधीच झाला होता. कुर्सी रोडच्या मैदानावर, सरकारी खर्चाने, वसतिगृहाच्या जेवणावर. या दोघांवर पुढे निघालेल्या चित्रपटात हे श्रेय फारसे दिलेले नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

पण भाला आणि चेंडू यांत काही फरक असे आहेत की त्यांवरच पुढची सारी कहाणी फिरते. भाला वर जायला हवा; पिचर उंचवट्यावरून खाली फेकतो. भालाफेक्याचा भाला आखलेल्या प्रशस्त पट्ट्यात कुठेही पडला तरी चालते. पिचरला 17 इंच रुंदीच्या पट्टीवरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या अदृश्य चौकटीतून चेंडू काढावा लागतो. आणि मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत भालाफेक्याला फेकी मिळतात जास्तीत जास्त सहा. सहा फेकी आणि घरी. पिचरला एवढ्या फेकी कधी कधी एकाच बॅटरसाठी लागतात, आणि उद्या पुन्हा यायचे असते.

मे 2008 मध्ये दोघे लॉस एंजेलिसला गेले. तिथल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मैदानावर टॉम हाउस यांनी त्यांना हातात घेतले. हाउस हा माणूस वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे. स्वतः जुना पिचर. 8 एप्रिल 1974 रोजी हँक आरनने बेब रूथचा विक्रम मोडणारा 715वा होमरन मारला, तो चेंडू सीमेपलीकडे ज्याच्या हातात पडला तो हाच. नंतर मानसशास्त्रात डॉक्टरेट, आणि फेकीची हालचाल कॅमेऱ्यांनी तुकड्या-तुकड्यांत मोडून तपासण्याचा ध्यास. पिचरांकडून सरावात अमेरिकन फुटबॉल फेकून घेणारा असा त्याचा लौकिक. भाल्याचा कलता हात चेंडूच्या सरळ रेषेत आणायला असाच कोणीतरी हवा होता. हातात मोजा घालून झेल घ्यायचा, कॅचरने मांडीआड बोटांनी केलेल्या खुणा वाचायच्या, धावपटू दुसऱ्या तळाकडे सटकतो आहे का ते कोपऱ्यातल्या नजरेने पाहायचे, हे अमेरिकन पोर सातव्या-आठव्या वर्षी शिकते. या दोघांना एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी शिकायचे होते, तेही इंग्रजीचा गंध नसताना. सहा महिन्यांत ॲरिझोनातल्या टेंपी इथे संघांच्या निवडकर्त्यांपुढे त्यांनी चेंडू टाकले. मग पायरेट्सचा करार. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल संघटनेशी करार करणारे ते पहिले भारतीय.

वर्तमानपत्रांनी इथेच गोष्ट संपवली. चित्रपटही इथेच संपतो. खरी कारकीर्द सुरू होते ती याच्या पुढे, आणि ती समजून घ्यायची तर जपानकडे पाहण्याखेरीज गत्यंतर नाही. कारण बाहेरून येऊन अमेरिकन बॅटरला गप्प करणारे पिचर ज्या देशाने डझनांनी दिले, तो देश जपान.

होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन मास्तराने 1872 साली टोकियोत विद्यार्थ्यांना हा खेळ दाखवला. 1915 पासून शालेय संघांची उन्हाळी स्पर्धा सुरू झाली. 1924 मध्ये त्यासाठी कोशिएन हे मैदान बांधले, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या उन्हात सारा देश शाळकरी पोरांचे सामने बघतो. हरलेल्या संघातली मुले रडत रडत त्या मैदानाची काळी माती पिशवीत भरून घरी नेतात. आपल्याकडे तालमीची माती कपाळाला लावतात, त्यातलीच ही भावना. 1934 मध्ये बेब रूथ, लू गेरिग असे अमेरिकन दिग्गज जपानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा एइजी सावामुरा या 17 वर्षांच्या पोराने त्यांच्यातल्या चौघा रथी-महारथींना लागोपाठ बाद केले. सामना तो 1-0 ने हरला, गेरिगच्या एका फटक्यामुळे. पण जपानला नायक मिळाला. 1944 मध्ये सैनिक म्हणून जहाजावरून जाताना तो बुडून मेला. त्याच्या नावाचा पुरस्कार वर्षातल्या उत्कृष्ट पिचरला दिला जातो, 1947 पासून आजतागायत.

या परंपरेला एक कठोर बाजू आहे. पिचरचा हात घासून घासूनच धारदार होतो, असा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. सरावात शेकडो चेंडू एका बैठकीत टाकायचे. डाइसुके मात्सुझाका याने 1998 च्या कोशिएनमध्ये उपांत्यपूर्व सामन्यात 17 इनिंग लढवून 250 चेंडू टाकले, आणि अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट दिली नाही. हिदेओ नोमोने 1994 मध्ये एका सामन्यात 191 चेंडू टाकले. अमेरिकेत पिचर शंभरीला आला की प्रशिक्षक घड्याळ बघितल्यासारखा बघू लागतो. नोमोला हा जाच मानवला नाही. त्याच्या एजंटाने नियमात फट शोधली: जपानमधून ‘निवृत्त’ झालेला खेळाडू परदेशात खेळू शकतो. नोमो 26 व्या वर्षी निवृत्त झाला आणि 1995 मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून उभा राहिला. पाठ पूर्ण फिरवून भोवऱ्यासारखा उलगडत चेंडू टाकायचा. पहिल्याच मोसमात 13 विजय, 236 बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे थेट चेंडूवर बाद, आणि सर्वोत्कृष्ट नवोदिताचा मान. अमेरिकेत एकूण 123 विजय.

नोमोच्या आधी एकच जपानी तिथे खेळला होता. मासानोरी मुराकामी. 1964 मध्ये नानकाई हॉक्सने त्याला शिकायला म्हणून पाठवले, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने वरच्या संघात उतरवले, मग तो कोणाचा यावरून दोन देशांच्या संघटनांत भांडण लागले. 1965 नंतर तो परत गेला. त्यानंतर नोमो येईपर्यंत 30 वर्षे. बेसबॉल श्वासासारखा घेणाऱ्या देशाला दुसरा पिचर पाठवायला 30 वर्षे लागली, याला नियमांची कुंपणे कारणीभूत होती हे खरे. पण मग भाव असा वाढला की 2006 मध्ये मात्सुझाकाशी नुसती बोलणी करण्याच्या हक्कासाठी बोस्टन रेड सॉक्सने त्याच्या जपानी क्लबला 5 कोटी 11 लाख डॉलर मोजले. त्याचा स्वतःचा करार वेगळा.

त्यानंतर दोन वर्षांनी रिंकू आणि दिनेश यांनी सही केली. मात्सुझाकाच्या मागे कोशिएनचे 250 चेंडू होते आणि त्याआधीची दहा वर्षे. यांच्या मागे सहा महिने.

अमेरिकेत मोठ्या संघाशी करार झाला म्हणजे मोठ्या मैदानावर गेलो असे नसते. खाली पायऱ्यांची अख्खी उतरंड असते: नवशिक्यांची लीग, मग ए, दुहेरी ए, तिहेरी ए, आणि मग कुठे वरचे दार. दरवर्षीच्या निवडीत तेव्हा 50 फेऱ्या चालत. करार झालेल्यांतले फारच थोडे शेवटच्या पायरीपर्यंत जात. खालच्या पायरीवर तेव्हा महिन्याला हजार-अकराशे डॉलरच्या घरात पगार असे, तोही फक्त मोसमापुरता. बसचे रात्रभराचे प्रवास. एसटीच्या लाल डब्यातून तालुका स्पर्धेला गेलेल्यांना कल्पना येईल, फक्त तालुके तिथे तीनशे किलोमीटरवर असतात.

4 जुलै 2009 रोजी फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनच्या नवशिक्या संघाकडून रिंकू पहिला सामना खेळला. 13 जुलैला यांकीजच्या नवशिक्या संघाविरुद्धचा विजय त्याच्या नावावर लागला. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा तो पहिला भारतीय नागरिक. मोसमाअखेर 11 सामने, एक विजय, दोन पराभव, सरासरी 5.84. ही सरासरी म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरने स्वतःच्या खात्यावर दिलेल्या धावा. जितकी कमी तितकी चांगली. 5.84 ही काही मिरवायची गोष्ट नाही. दिनेशची त्याच वर्षी 1.42, पण सहाच सामने. त्या वर्षी पैज लावायची असती तर लोकांनी दिनेशवर लावली असती.

2010 मध्ये पारडे फिरले. रिंकूची सरासरी 2.61, दोन विजय, पराभव नाही. दिनेशची 8.59. डिसेंबर 2010 मध्ये पायरेट्सने दिनेशला मोकळे केले आणि तो घरी परतला. त्याच्या कारकिर्दीला अपयश म्हणणाऱ्यांनी क्षणभर मागे जाऊन पाहावे: विशीतला एक मुलगा, इंग्रजी शिकला, परका खेळ शिकला, एका मोसमात सहा सामन्यांत जवळजवळ धावाच दिल्या नाहीत, पुढच्या मोसमात ताल बिघडला आणि दार बंद झाले. लहान लीगमध्ये दरवर्षी शेकडो अमेरिकन मुलांचे हेच होते. त्यांच्यावर चित्रपट निघत नाही, एवढाच फरक.

रिंकू थांबला नाही. 2010-11 च्या हिवाळ्यात तो ऑस्ट्रेलियात कॅनबेरा कॅव्हलरीकडून खेळला. 2011 मध्ये एकाच मोसमात डॉमिनिकन रिपब्लिक, मग पेनसिल्व्हेनियातले स्टेट कॉलेज, मग वेस्ट व्हर्जिनिया. तीन मुक्काम, तीन वेगळी ड्रेसिंग रूम. आणि 2012 मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या ए श्रेणीच्या संघाने त्याला पूर्ण मोसम ठेवून घेतले. पहिल्या वर्षीच्या 11 सामन्यांच्या जागी आता 39 सामने, 72 इनिंग. सरासरी 3.00, तीन विजय, एक पराभव. ही संख्या कोणा दयाळू एजंटाच्या कृपेची नाही. तिथे बॅटरला समोरचा पिचर कुठून आला याच्याशी कर्तव्य नसते. मिळाला चेंडू की हाणायचा. लखनौचा भालाफेक्या चार वर्षांत खरोखरीचा पिचर झाला होता.

आणि मग कोपर गेले.

पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूला छोटासा एक अस्थिबंध असतो. जोरदार फेकीच्या क्षणी त्यावर येणारा ताण तो तुटण्याच्या बेताचा असतो. शेजारचे स्नायू त्यातला वाटा उचलतात म्हणून तो टिकतो. स्नायू थकले की सगळा भार त्याच्यावर. 1974 पर्यंत तो फाटला की पिचरची कारकीर्द संपली असे समजत. त्या वर्षी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या मनगटाजवळचा एक कंडरा काढून त्याच्या कोपरात ओवला. तो कंडरा नसला तरी हाताचे फारसे अडत नाही. अनेकांच्या हातात तो जन्मतःच नसतो. जॉन 1976 मध्ये परतला आणि त्यानंतर त्याने 164 सामने जिंकले. शस्त्रक्रियेला वैद्यकीय नाव आहे, पण जग तिला टॉमी जॉन म्हणूनच ओळखते. जपानमध्ये चाकू लावलेला हात म्हणजे बाटलेला हात, असे मानत. चोजी मुराता या लोट्टेच्या पिचरने 1983 मध्ये जोब यांच्याकडून ती करून घेतली आणि 1985 मध्ये 17 सामने जिंकून दाखवले, तेव्हा तिथली भीती गेली. मात्सुझाकालाही 2011 मध्ये तीच करावी लागली. कोशिएनचे 250 चेंडू त्या दिवशी वसूल झाले की नाही, हे कोणता डॉक्टर सांगणार?

रिंकूची 2013 मध्ये झाली. परतीला वर्ष ते दीड वर्ष लागते: आधी कोपर सरळ करायला शिकायचे, मग टॉवेल फिरवायचा, मग 45 फुटांवरून हलकेच चेंडू. वीस वर्षांच्या मुलाला हा वेळ परवडतो. पंचविशीला आलेल्या, खालच्या पायरीवरच्या डावखुऱ्याला परवडत नाही, कारण मागून तेव्हा दर जूनमध्ये नवी भरती येत असे. मे 2014 मध्ये डिस्नेचा ‘मिलियन डॉलर आर्म’ प्रदर्शित झाला. जॉन हॅम बर्नस्टाईन, सूरज शर्मा रिंकू, मधुर मित्तल दिनेश, संगीत ए. आर. रहमानचे. पडद्यावरचा रिंकू चेंडू वेगाने टाकत होता. खरा रिंकू तो मोसम दुखऱ्या कोपरामुळे बाहेर बसून काढत होता. चित्रपट गोड आहे, मी दोनदा पाहिला. पण त्यातला नायक एजंट आहे. खेळाडूंच्या नावाने काढलेल्या चित्रपटात खेळाडूंचा एकही खरा सामना नाही, याला काय म्हणावे?

रिंकूने पुन्हा वरची वाट धरण्याचा प्रयत्न केला, पण मोसमातला सामना त्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही. सव्वासहा फुटांच्या आसपासची उंची, रुंद खांदे आणि कॅमेऱ्याची सवय. जानेवारी 2018 मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्तीच्या कंपनीशी करार केला. कपाळावर त्रिपुंड, गळ्यात रुद्राक्ष, छातीवर ‘माँ’ असे गोंदण, आणि नाव वीर महान. कोल्हापूरच्या लाल मातीत वाढलेल्यांनी या कुस्तीला कुस्ती म्हणू नये हे ठीक. पण 2022 मध्ये तो येण्याआधी त्याच्या आगमनाची जाहिरात महिनोन्‌महिने चालू होती आणि भारतातल्या पोरांना तो पिचर होता हे ठाऊकही नव्हते. 2024 मध्ये तेही संपले.

भारतीय रक्ताचे पिचर अमेरिकेत आता येऊ लागले आहेत, पण ते तिथेच जन्मलेले. कुमार रॉकर हा त्यातला सर्वांत चर्चेतला: आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू आणि प्रशिक्षक. 2023 मध्ये त्याचीही टॉमी जॉन झाली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो टेक्सास रेंजर्सकडून वरच्या दारातून आत गेला. तो लहानपणापासून चेंडू टाकतो आहे. आपल्याकडेही शालेय क्रीडा स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल आहेत. बहुतेक मुले ती दहावीच्या वाढीव गुणांपुरती खेळतात आणि बारावीला विसरतात. जपानचा हिशेब लावायचा तर मुराकामीपासून नोमोपर्यंत 30 वर्षे, आणि त्याही आधी शालेय स्पर्धेची सुमारे 50. आपले घड्याळ रिंकूच्या शेवटच्या मोसमापासून धरले तर 2042 उजाडेल, तेही मैदाने असतील तर.

कोणी रिंकू सिंहबद्दल विचारले तर चित्रपट सांगू नका, दहा लाख डॉलरही सांगू नका. ते त्याला कधी मिळालेच नाहीत. त्याची खरी नोंद एका ओळीची आहे. वेस्ट व्हर्जिनिया पॉवर, 2012: 39 सामने, 72 इनिंग, सरासरी 3.00.